वाचकांचे प्रश्न : तरुण आरोपीची शिक्षा आणि अपील

विशीच्या आतबाहेरच्या मुलांना झालेल्या शिक्षांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. प्रोबेशन, म्हणजे परिवीक्षा : दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं. उत्तरांत ‘प्रोबेशनचा कायदा’ म्हटलं की तो अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ समजावा आणि ‘संहिता’ म्हटलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३. ही संहिता १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली.

प्रश्न : माझ्या पुतण्याचं वय वीस. मोबाइल चोरीच्या खटल्यात तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला सहा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड केला. मोबाइल परत मिळालेला आहे, आधीचा एकही गुन्हा नाही. वकील म्हणतात, अपिलात शिक्षा कमी होईल, पण न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे. खरंच सगळं मर्जीवर असतं का? (सातारा जिल्हा)

सगळं मर्जीवर नसतं. या वयाच्या मुलाबाबत तर कायद्यानं न्यायाधीशांचे हात बऱ्यापैकी बांधून ठेवले आहेत.

प्रोबेशनच्या कायद्याचं कलम ६ वाचा. आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल आणि गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकत नसेल, तर त्याला तुरुंगात पाठवायचं नाही, हा नियम आहे. तुरुंग हा अपवाद. कलम ३ ची समज किंवा कलम ४ चं बंधपत्र (चांगल्या वर्तणुकीची लेखी हमी) इथे का चालणार नाही याबद्दल न्यायालयाची खात्री पटली पाहिजे आणि त्याची कारणं निकालपत्रात लिहिली पाहिजेत. त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून तो विचारात घ्यायचा असतो. संहितेचं कलम ४०२ हेच वेगळ्या शब्दांत सांगतं : सवलत देता येत असूनही दिली नाही, तर विशेष कारणं नोंदवा.

आता निकालपत्राची शेवटची दोन पानं काढा. ‘शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीला ऐकले. आरोपीने दयेची विनंती केली. तथापि गुन्ह्याचे स्वरूप गंभीर असल्याने प्रोबेशनचा लाभ देणे उचित वाटत नाही.’ बहुतेक निकालपत्रांत अशाच तीन-चार ओळी असतात. त्यांत वय, आधीचा गुन्हा नसणं, माल परत मिळणं यांचा उल्लेख नसेल आणि अहवाल मागवल्याची नोंद रोजनाम्यातही नसेल, तर तुमच्या अपिलाचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे. ‘गंभीर’ हे नुसतं विशेषण झालं. चोरी गंभीर का, या मुलाच्या बाबतीत गंभीर का, हे लिहिलेलं नसेल तर ते कलम ६ ला अपेक्षित असलेलं कारण नव्हे.

वकिलांकडून नेहमी होणारी चूक अशी, की अपिलाचे पंधरा मुद्दे ‘आरोपी निर्दोष आहे’ यावर खर्ची पडतात आणि प्रोबेशनचा मुद्दा तोंडी युक्तिवादाच्या शेवटच्या मिनिटात येतो. अपील मेमोतच पर्यायी मागणी स्वतंत्र परिच्छेदात लिहायला सांगा : दोषसिद्धी कायम राहिलीच, तर कलम ६ नुसार अहवाल मागवून कलम ३ किंवा ४ खाली आदेश व्हावा. पहिली मागणी केली म्हणून दुसरी बाद होत नाही.

सत्र न्यायालय हे स्वतः करू शकतं का? करू शकतं. प्रोबेशनच्या कायद्याच्या कलम ११ (१) नुसार हा आदेश अपिलात किंवा रिव्हिजनमध्येही (खालच्या आदेशाच्या वरच्या न्यायालयातल्या फेरतपासणीत) देता येतो. याचं मूळ उदाहरण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १९६४चा रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल. त्यात आरोपी सोळा वर्षांचा होता. दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली तेव्हा हा कायदा त्या जिल्ह्यात लागूच झालेला नव्हता. तो अपिलाच्या काळात लागू झाला. खालच्या न्यायालयात प्रश्नच आला नव्हता, तरी अपील न्यायालयानं लाभ द्यायला हवा होता, असं बहुमतानं ठरलं आणि प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेलं. तुमचा मुद्दा दंडाधिकाऱ्यांपुढे कोणी मांडला नसेल, तर हाच निकाल दाखवा.

प्रत्यक्ष काम या क्रमानं करा. निकालाची पहिली प्रत आरोपीला विनामूल्य मिळते (संहिता, कलम ४०४). ती त्याच दिवशी मागा. पुतण्या खटल्यात जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर ज्यांनी शिक्षा दिली त्याच दंडाधिकाऱ्यांकडे संहितेच्या कलम ४३० (३) खाली अर्ज देऊन अपील दाखल होईपर्यंत बाहेर राहता येतं. हा अर्ज निकालाच्या दिवशीच टाईप करून तयार हवा. नाहीतर शुक्रवारी निकाल लागतो आणि पोरगं सोमवारपर्यंत आत बसतं. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवस. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. त्यासाठी नकलेवरचे अर्ज केल्याची, तयार झाल्याची आणि दिल्याची या तिन्ही तारखा तपासून घ्या. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज जोडावा.

अपिलासोबत शाळेचा जन्मतारखेचा दाखला, शिक्षण किंवा कामाचा पुरावा, घरात कमावतं कोण याचं प्रतिज्ञापत्र, मोबाइल परत केल्याचा पंचनामा किंवा मुद्देमाल ताब्यात दिल्याचा आदेश, आणि मुलाला कामावर ठेवायला तयार असलेल्याचं पत्र द्या. सरपंचांचा ‘चांगल्या वर्तणुकीचा दाखला’ सगळेच आणतात, त्याचं वजन फार नाही. मालकाचं किंवा आयटीआयच्या प्राचार्यांचं, तारीख आणि हुद्दा असलेलं पत्र जास्त उपयोगी पडतं.

परिवीक्षा अधिकारी घरी येतील तेव्हा घर आवरण्यापेक्षा माणसं हजर ठेवण्याकडे लक्ष द्या. घरची परिस्थिती, शेजारीपाजारी, मुलाची संगत, पोलीस पाटलांचं मत हे ते लिहून नेतात. अहवाल गोपनीय असतो, पण कलम ७ नुसार न्यायालय त्याचा गोषवारा आरोपीला कळवू शकतं आणि त्यावर पुरावा द्यायची संधी देऊ शकतं. अहवाल प्रतिकूल आल्याची कुणकुण लागली तर गोषवारा मागाच. एका शेजाऱ्याशी बांधाचं भांडण आहे आणि अधिकाऱ्यांनी नेमकं त्यालाच विचारलं, हे घडतं. अहवाल न्यायालयावर बंधनकारक नाही. तो विचारात घेणं बंधनकारक आहे.

आणखी एक गोष्ट वकिलांना विचारा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ (२) मध्ये चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत झाली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. मोबाइल जुना असेल तर त्याची किंमत कशावरून धरली, हे पंचनाम्यात बघा. नव्या हँडसेटची किंमत जुन्याला लावलेली आढळली तर तो अपिलातला स्वतंत्र मुद्दा होतो. मात्र घरात घुसून केलेल्या चोरीचं कलम वेगळं आहे, तिथे ही सवलत नाही.

अपिलाची मुदत निघून गेली असेल, किंवा शिक्षा इतकी लहान असेल की अपीलच होत नाही, तर कलम ११ (३) कामाला येतं. हे कलम फारसं कोणी वापरत नाही, याचं आम्हाला नेहमी नवल वाटतं. एकवीसखालच्या आरोपीला प्रोबेशन नाकारून तुरुंगवास दिला आणि अपील झालं नाही, तर अपील न्यायालय स्वतःहून, आरोपीच्या अर्जावरून किंवा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरूनही कागदपत्रं मागवून योग्य तो आदेश देऊ शकतं. साधा अर्ज पुरतो.

प्रश्न : गुन्हा घडला तेव्हा भाऊ वीस वर्षांचा होता. खटला तीन वर्षं चालला, निकालाच्या दिवशी तो तेवीसचा झाला. कलम ६ मिळेल का? शिवाय आई म्हणते, शाळेत घातलेली जन्मतारीखच खरी नाही. (बीड जिल्हा)

कलम ६ मिळणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं रामजी मिस्सर विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात ठरवलं, की एकवीस वर्षांची मोजणी खटल्याच्या न्यायालयानं दोषी ठरवलं त्या दिवशीची. गुन्ह्याचा दिवस धरायचा नाही, अपिलाचाही नाही. याची दुसरी बाजू तितकीच कामाची आहे : दोषी ठरला त्या दिवशी वीस वर्षांचा असलेला मुलगा अपील सुनावणीला येईपर्यंत सव्वीसचा झाला, तरी त्याचा हक्क जात नाही.

तुमच्या भावासाठी कलम ४ मात्र खुलं आहे, त्याला वयाची अट नाही. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकत नाही अशा गुन्ह्यात न्यायालय जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडू शकतं. फरक इतकाच, की कलम ६ मध्ये ‘नाही’ म्हणायला न्यायालयाला कारणं द्यावी लागतात आणि कलम ४ मध्ये ‘हो’ म्हणायला तुम्हाला पटवावं लागतं. कलम ४ साठी आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला ठरावीक राहतं घर किंवा नियमित काम हवं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलांचं प्रोबेशन इथे अडकतं. कारखाना एका जिल्ह्यात, गाव दुसऱ्या, आणि जामीनदार कुठेच मिळत नाही. पण कलमाचे शब्द पूर्ण वाचा. बंधपत्राच्या काळात आरोपी जिथे राहण्याचा संभव आहे ते ठिकाणही चालतं, म्हणजे गावचं घर चालतं. आणि बंधपत्र जामीनदाराविनाही घेता येतं. ऐपतीचा दाखला मिळत नाही म्हणून लाभ सोडून देऊ नका, विनाजामीनदार बंधपत्राची मागणी लेखी करा.

आता जन्मतारीख. आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. न्यायालयांना हे माहीत आहे, पण माहीत असणं म्हणजे पुरावा नव्हे. गुन्ह्याच्या दिवशी भाऊ खरोखर अठराच्या आत होता असं दाखवता आलं, तर सगळं चित्रच बदलतं : बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९ नुसार हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, खटल्याचा अंतिम निकाल लागल्यानंतरही काढता येतो. पण तुमच्याच पत्राप्रमाणे तो वीसचा होता. दाखल्यातला आणि खरा जन्म यांत दोन वर्षांहून जास्त फरक दाखवावा लागेल, तेही कागदानं.

कागदांचा क्रम कलम ९४ नं ठरवून दिला आहे. आधी शाळेचं जन्मतारीख प्रमाणपत्र किंवा दहावीच्या मंडळाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र हातात असताना ‘हाडांची चाचणी करा’ ही मागणी टिकत नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि जनरल रजिस्टरचा उतारा यांनी कलम ९४ ची पूर्तता होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं आहे. आधार कार्डही जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालत नाही.

प्रश्न : ‘गुन्हा कबूल केला की दंडावर सुटशील’ असं सांगितल्यानं मुलानं कबुली दिली आणि तीन महिन्यांची कैद झाली. कबुलीनंतर अपील नाही म्हणतात. (नांदेड)

अर्धंच खरं आहे. दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा सत्र न्यायालयात कबुली दिली असेल तर दोषसिद्धीविरुद्ध अपील नाही, पण शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, या मुद्द्यावर अपील आहे (संहिता, कलम ४१६). मुलगा एकवीसखालचा असेल तर कलम ६ न पाळणं हा थेट कायदेशीरपणाचाच मुद्दा. कबुलीमुळे अहवाल मागवायची जबाबदारी टळत नाही. आत असेल तर तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं, आणि कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : आम्ही दुसऱ्या बाजूचे. एकोणीस वर्षांच्या मुलानं माझ्या मुलाला गजानं मारलं, हात मोडला, दोन ऑपरेशनं झाली. कोर्टानं त्याला ‘चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर’ सोडून दिलं. आम्हाला एक रुपया नाही. आम्ही अपील करू शकतो का? (उत्तर गोवा)

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील, कारण कायद्यानं पीडिताला एका गोष्टीसाठी दार उघडं ठेवलंय आणि दुसरीसाठी नाही.

शिक्षा अपुरी आहे म्हणून पीडिताला स्वतः अपील करता येत नाही. संहितेच्या कलम ४१३ च्या परंतुकात तीनच कारणं आहेत : निर्दोष सुटका, कमी गंभीर गुन्ह्यात दोषसिद्धी, आणि अपुरी भरपाई. शिक्षा वाढवण्यासाठी पीडिताला अपील नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. ते अपील सरकारचं (कलम ४१८). त्यामुळे आधी सरकारी वकिलांच्या कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात ‘अन्याय झाला’ एवढंच लिहू नका. निकालपत्रातली कोणती गोष्ट सुटली ते दाखवा : डॉक्टरांची साक्ष, हत्यार, किती वार, आधीचे गुन्हे. सरकारनं हालचाल केली नाही तर तुम्हाला रिव्हिजनचा मार्ग राहतो. त्याची मुदत नव्वद दिवस.

प्रोबेशनचा आदेश वरच्या न्यायालयात रद्द होऊन त्याजागी शिक्षा होऊ शकते. कलम ११ (४) मध्ये तशी तरतूदच आहे, मात्र मूळ न्यायालय जितकी शिक्षा देऊ शकलं असतं त्याहून जास्त देता येत नाही, आणि आरोपीला ऐकून घ्यावं लागतं. शिक्षा वाढवण्याच्या प्रकरणात आरोपी ‘मी मुळात निर्दोषच आहे’ असाही बचाव करू शकतो. हा धोका लक्षात ठेवा. वाढ मागायला गेलेल्या प्रकरणात पुरावाच कच्चा निघून मूळ दोषसिद्धी डळमळू शकते.

वरचं न्यायालय अशा वेळी काय बघतं? शिक्षा ठरवणं हा खालच्या न्यायालयाचा विवेकाधिकार, आणि तो रीतसर वापरला असेल तर आरोपीच्या तोट्याचा हस्तक्षेप सहसा करायचा नाही, हे १९५५ पासूनचं सर्वोच्च न्यायालयाचं धोरण आहे. ‘मी असतो तर जास्त दिली असती’ एवढं पुरत नाही. म्हणून रीत पाळली गेली का, तिथे बोट ठेवा. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घेतल्याशिवाय कलम ४ चा आदेश देता येत नाही, हे मत सर्वांत आधी मांडणाऱ्यांत तुमच्याच गोव्यातलं न्यायालय आहे. निकालांच्या १९७०च्या संग्रहात छापलेला तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये दिल्ली महापालिकेच्या एका प्रकरणात उचलून धरला. एकोणीस वर्षांच्या आरोपीला तर कलम ६ मुळे अहवाल हवाच. त्याच्या वकिलालाही तोच लागतो आणि तुम्हालाही तोच, हे जरा गमतीचं आहे खरं.

गंभीर दुखापत कोणत्या कलमाखाली सिद्ध झाली तेही बघा. लोखंडी गज धोकादायक हत्यार म्हणून धरला गेला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ (२) मध्ये जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे. तसं असेल तर कलम ४ आणि कलम ६ दोन्ही लागूच होत नाहीत, मुलगा एकोणीसचा असला तरी. हा मुद्दा विवेकाधिकाराचा नाही, अधिकारच नसण्याचा आहे. तो सापडला तर बाकीचं सगळं मागे ठेवा.

पैशांबद्दल : प्रोबेशनवर सोडतानाच त्या कायद्याच्या कलम ५ खाली नुकसानभरपाई आणि खर्च द्यायला लावता येतो. ती दिलीच नसेल, तर ‘अपुरी भरपाई’ या कारणावर अपिलाचा विचार वकिलांशी बोलून करा. ऑपरेशनची बिलं, कामाचे बुडालेले दिवस, फिजिओथेरपीच्या पावत्या खटल्यातच दाखल झालेल्या नसतील तर अपिलात अतिरिक्त पुराव्याचा अर्ज (संहिता, कलम ४३२) करावा लागेल, आणि ‘आधी का दिल्या नाहीत’ याचं उत्तर तयार लागेल.

प्रश्न : माझी बहीण एकटी आहे. तिचा सतरा वर्षांचा मुलगा बाल न्याय मंडळापुढे आहे. मंडळानं ‘प्रौढ म्हणून खटला चालवा’ असा आदेश दिला. यावर अपील असतं का, की आता थेट सत्र न्यायालयात उभं राहायचं? (पुणे)

अपील आहे, आणि वेळ अगदी थोडा आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १५ खालच्या प्राथमिक मूल्यांकनाच्या आदेशावर कलम १०१ (२) नुसार अपील होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये त्यासाठी तीस दिवसांची मुदत सांगितली. ते बाल न्यायालयात चालतं, बाल न्यायालय नसेल तिथे सत्र न्यायालयात. आदेशाची प्रत मुलाला लगेच द्यायची असते. ‘पुढच्या तारखेला देऊ’ म्हणाले तर लेखी अर्ज देऊन ठेवा.

अपिलात पहिला प्रश्न हा, की गुन्हा ‘घृणास्पद’ या व्याख्येत बसतो का. त्यासाठी कायद्यात किमान शिक्षा सात वर्षं लागते. कमाल शिक्षा कितीही मोठी असो, किमान सात नसेल तर तो ‘गंभीर’ गुन्हा, आणि मग मुलाला प्रौढ धरताच येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२०च्या शिल्पा मित्तल निकालात ठरवलं, पुढे २०२१च्या दुरुस्तीनं ते कायद्यातच आलं. तुमच्या शहरातलं मे २०२४ मधलं कल्याणीनगरचं, अल्पवयीन चालकाचं मोटार अपघात प्रकरण आठवत असेल. सदोष मनुष्यवधाच्या कलमात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे, पण किमान सात वर्षं नाहीत. जुलै २०२५ मध्ये मंडळानं मुलाला प्रौढ म्हणून चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. लोकांना ते पटलं नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण कलम वाचल्यावर दुसरा रस्ता दिसत नाही. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन दिल्याबद्दल झालेल्या टीकेनंतर जामिनावरच्या त्या मुलाला निरीक्षण गृहात ठेवणारे आदेश निघाले. मुंबई उच्च न्यायालयानं २५ जून २०२४ रोजी ते बेकायदा ठरवून त्याची सुटका केली. लोकक्षोभ हे मुलाला कोठडीत ठेवण्याचं कारण होत नाही, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

व्याख्येत गुन्हा बसत असेल, तर दुसरा प्रश्न मूल्यांकनाचा. मंडळानं चार गोष्टी पाहायच्या : गुन्हा करण्याची शारीरिक क्षमता, मानसिक क्षमता, परिणामांची समज, आणि घटना कोणत्या परिस्थितीत घडली. गुन्हा सिद्ध होतो का, हे पाहायचं नसतं. बऱ्याच आदेशांत मात्र जबाबांचा सारांश आणि शेवटी ‘बुद्ध्यांक सरासरी, सबब परिणामांची समज होती’ एवढंच असतं. बुद्ध्यांक आणि परिणामांची समज या वेगळ्या गोष्टी आहेत, हे २०२२च्या गुरुग्राम शाळा प्रकरणातल्या निकालात सविस्तर आलंय. मंडळात बालमानसशास्त्राची किंवा मानसोपचाराची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. म्हणून हे तपासा : चाचणी कोणी घेतली, किती वेळ, कोणत्या भाषेत, अहवालाची प्रत बचावाला दिली का, आणि सामाजिक तपास अहवालाचा आदेशात उल्लेख तरी आहे का. अपील न्यायालय आधीच्यांना वगळून दुसरे मानसतज्ज्ञ नेमू शकतं; ती मागणी अपील मेमोतच करा.

हे अपील फेटाळलं तर दुसरं अपील नाही, पण कलम १०२ खाली उच्च न्यायालयात रिव्हिजन आहे. शिवाय बाल न्यायालयाला कलम १९ खाली ‘प्रौढ म्हणून चालवायचं का’ हे स्वतः पुन्हा तपासावं लागतं. नुसतं मंडळानं पाठवलं म्हणून आरोप ठेवता येत नाहीत. अगदी वाईट धरलं तरी एकवीस वर्षांपर्यंत मुलाला तुरुंगात न ठेवता सुरक्षित ठिकाणी ठेवतात, आणि फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही.

बहिणीला एक सांगा : मुलाचं नाव, शाळा, फोटो कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ देऊ नका, मदतीसाठी सुद्धा. ओळख उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे.

प्रश्न : दोषी ठरलो तेव्हा वीसचा होतो, मारामारीच्या गुन्ह्यात एक वर्ष झाली. चाळीस दिवस आत होतो. अपिलात वकील ‘भोगलेली शिक्षा पुरेशी’ असा आदेश घेऊ म्हणतात. पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा आहे. अपिलात शिक्षा वाढणार तर नाही ना? (सोलापूर)

शेवटचं आधी : तुमच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही (संहिता, कलम ४२७). वाढ हवी तर सरकारचं वेगळं अपील किंवा उच्च न्यायालयाची नोटीस लागते.

‘भोगलेली शिक्षा पुरेशी’ मात्र घाईनं घेऊ नका. अपिलं लवकर संपतात म्हणून हा तोडगा सगळ्यांनाच सोयीचा वाटतो. पण त्यात तुमच्या नावावर दोषसिद्धी राहते आणि चाळीस दिवसांची कैदही राहते. प्रोबेशनच्या कायद्याचं कलम १२ म्हणतं, की कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. हा फायदा शिक्षा कमी करून घेणाऱ्याला मिळत नाही. तुमचं वय कलम ६ मध्ये बसतं, तर मागणी कलम ३ किंवा ४ चीच करा आणि ‘भोगलेली शिक्षा’ ही तिसरी, शेवटची मागणी ठेवा. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल आणि आधीची दोषसिद्धी नसेल, तर कलम ३ ची नुसती समजही होऊ शकते, बंधपत्रही लागत नाही. आदेशात कलमाचा आकडा लिहून घ्या. ‘आरोपीस सोडण्यात यावे’ एवढ्या ओळीवर पुढे भरतीच्या टेबलावर वाद घालत बसावं लागतं.

कलम १२ नं दोषसिद्धी पुसली जात नाही, हेही समजून घ्या. भरतीच्या साक्षांकन नमुन्यात ‘कधी दोषी ठरला आहात का’ असा रकाना असेल तर ‘होय, प्रोबेशनवर मुक्त’ असंच लिहा आणि आदेशाची प्रत जोडा. लपवाछपवी उघड झाली तर नोकरी त्याच कारणानं जाते. खरं सांगितलेल्या किरकोळ, तरुणपणीच्या गुन्ह्याकडे नेमणूक करणाऱ्यांना सहानुभूतीनं पाहता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या अवतार सिंग निकालात आहे. पोलीस खातं चारित्र्याबाबत कडक असतं, तेव्हा नेमणूक होईलच असं आम्ही सांगणार नाही.

बंधपत्र झालं तर त्यातल्या अटी पाळा. अट मोडल्यास पहिल्या वेळी न्यायालय पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकतं, पण मूळ गुन्ह्याची शिक्षाही देऊ शकतं, आणि मग कलम १२ चं संरक्षणही जातं.

तुमच्या खटल्यात ॲट्रॉसिटीचं कलमही सिद्ध झालं असेल, तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. त्या कायद्याच्या कलम १९ नं अठरा वर्षांवरच्यांना प्रोबेशन बंद केलंय. अमली पदार्थांच्या कायद्यातही, किरकोळ अपवाद सोडता, तसंच. रस्त्यावरच्या बेदरकार ड्रायव्हिंगनं मृत्यू झालेल्या प्रकरणांत कायद्यानं बंदी नाही, पण सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये दलबीर सिंग प्रकरणात प्रोबेशन देऊ नये असं बजावलं आणि तेव्हापासून ते क्वचितच मिळतं. उलट, भारतीय दंड संहितेच्या कलमात ‘किमान सात वर्षं’ असा शब्द होता म्हणून प्रोबेशन आपोआप बाद होत नाही, असं २०२१ मध्ये पंजाबातल्या जबरी चोरीच्या प्रकरणात ठरलं. वकिलांनी ‘किमान शिक्षा आहे, काही होणार नाही’ असं सांगितलं तर ती किमान शिक्षा कोणत्या कायद्यातली, हे विचारा.